मौनाचा नेम

सदऱ्याचं दुसरं बटण निळ्या दोऱ्यानं लावलेलं होतं.

न्हाणीच्या दगडावर बसून मी यांचा पांढरा सदरा घासत होते, तेव्हा ते हाताला टोचलं. उजेडात धरून बघितलं तर मागं दोऱ्याची गाठ ही एवढी, सुरवंट चिकटावा तशी. छत्तीस वर्षं या माणसाची बटणं मी लावत आले. पांढऱ्याला पांढरा दोरा, खाकीला खाकी. निळा दोरा माझ्या घरात नव्हताच.

मी सुनेला हाक मारली. संजीवनी पदराला हात पुशीत आली.

"हे तू लावलंस?"

तिनं वाकून बघितलं. "नाही, आत्या. आणि मी लावलं असतं तर असं लावलं असतं का?"

ते मात्र खरं होतं. पोरीला सकाळी उठवायला ढोल लागायचा, पण सुईवर तिचा हात बसलेला होता. मी सदरा पिळला आणि दोरीवर टाकला. बटण माझ्या डोळ्यासमोरून हललं नाही. पोरगा नोकरीला परगावी, आणि घरात माझ्याशिवाय आणि संजीवनीशिवाय बाईमाणूस नव्हतं. मग हे लावलं कुणी?

आम्ही इचलकरंजीचे. हे सूतगिरणीत जॉबर, म्हणजे साच्यावरच्या कामगारांचे मुकादम होते. चौतीस वर्षं गिरणीचा भोंगा सांगेल तेव्हा उठले, सांगेल तेव्हा जेवले. भोंगा थांबला आणि हे घरी बसले. पहिले तीन-चार महिने सोप्यात खुर्ची टाकून बसायचे आणि मी केर काढायला लागले की पाय वर घ्यायचे. मी रोज ऐकवायची, की पुरुषानं दिवसभर उंबऱ्याच्या आत बसणं बरं दिसत नाही. फाल्गुनात कधीतरी ते त्यांच्या मनावर गेलं असावं. रोज नऊच्या ठोक्याला चप्पल घालायचे ते बाराला जेवायलाच परत यायचे. कुठं जाता विचारलं तर कधी देऊळ, कधी वाचनालय. मी एकदा मुद्दाम विचारलं, आज पेपरात काय आलंय. हे म्हणाले, "नेहमीचंच." वाचनालयात तीन तास बसलेल्या माणसाला एक बातमी सांगता येत नाही, हे कुणाला पटेल?

बटणाच्या आधीही काही काही नजरेला आलं होतं. अंगठ्याजवळ चटका बसला होता, चहाचा कप लागला म्हणाले. घड्याळाच्या पट्ट्यात पीठ अडकलं होतं. अंगाला रॉकेलचा वास यायचा. आणि तीन भाकऱ्या खाणारा माणूस दीड भाकरीवर हात धुवायला लागला होता. ज्याची भूक घरी कमी झाली त्याचं पोट बाहेर भरतंय, हे सांगायला शाळा शिकावी लागत नाही. मी तिसरीतून उठले, तरी मला तेवढं कळत होतं.

कोणीतरी बाई होती. तीही गबाळी, जिला धड बटण लावता येत नव्हतं. मला राग नक्की कशाचा जास्त आला ते आता सांगता येणार नाही. यांचं वय एकसष्ट, माझं छप्पन्न. या वयात माझ्या चुलीसमोर दुसरी कुणी येऊन बसणार, आणि गल्लीतल्या बायका नळावर माझ्याकडं बघून गप्प होणार. त्याच बायका चातुर्मास आला की मला नेम विचारायला यायच्या. कुणी कांदा-लसूण सोडायची, कुणी गोड सोडायची. मी बावीस वर्षं मौनानं जेवत होते. चार महिने, दोन्ही वेळचं जेवण, तोंडातून शब्द नाही. हातवारेसुद्धा नाही. "मौन धरावं तर अनसाक्कानं," असं सगळी पेठ म्हणायची, आणि ते खोटं नव्हतं.

त्या दुपारी हे जेवायला बसले तशी मी समोर बसले. नेहमीच बसायची. हा माणूस एरवी सापडायचा कुठं? जेवताना मात्र पळून जाता येत नाही, म्हणून दिवसभराचं जे काही असेल ते मी तेव्हाच यांच्या कानावर घालायची. नळाला पाणी किती वाजता आलं, शेजारच्यांनी गटार कसं आपल्या दारात काढलंय, संजीवनी किती वाजता उठली, यांच्या धाकट्या भावानं दिवाळीला बोलावलं नव्हतं ते मी कसं अजून विसरले नाही. हे "हं" म्हणायचे. त्या दिवशी गटार झालं, भाऊ झाला, आणि मग मी हळूच म्हटलं, की सदऱ्याचं बटण छान लावलंय कुणीतरी.

यांचा घास वाटेत थांबला. मग तोंडात गेला.

"तुटलं होतं," म्हणाले.

"ते दिसलं मला. लावलं कुणी?"

"लागलं." पाणी प्यायले आणि उठले. अर्धी भाकरी ताटात तशीच.

मग संजीवनीला वाढून झालं, तिचं झालं, आणि शेवटी मी माझं ताट घेऊन भिंतीकडं तोंड करून बसले आणि नेमाप्रमाणं मुकाट्यानं जेवले. डोकं मात्र गिरणीत होतं. रिळाच्या खात्यात एक शेवंता होती, नवऱ्यानं टाकलेली, हसताना तोंडावर हात धरणारी. यांच्याच पाळीला असायची.

दुसऱ्या दिवशी मंगळवार. हे नऊला निघाले. मी संजीवनीला सांगितलं, की तुळशीच्या माळा ओवायला दोरा आणते, आणि दहा पावलं सोडून यांच्या मागं लागले. पाठीमागं वळून बघायची या माणसाला सवयच नाही. देवळाला वळसा, वाचनालयाला वळसा. मागांच्या शेडची रांग आली, तिथं खटाखटीत माझ्या चपलेचा आवाज मलाच ऐकू येईना. शेडच्या पलीकडं बैठ्या खोल्या आहेत. तिसऱ्या खोलीचं दार यांनी ढकललं आणि आत गेले. दार वाजवलंसुद्धा नाही.

मी शेजारच्या भिंतीला टेकून उभी राहिले. थोड्या वेळानं आतून स्टोव्ह पेटल्याचा आवाज आला, आणि मग भाकरी थापल्याचा. बाईमाणसाशिवाय भाकरी कोण थापतं? पण कान देऊन ऐकलं तर ते थापणं काही खरं नव्हतं. दोनदा थप, मग थांबणं, मग एकदा थप, मग कुणीतरी खोकलं. शेवंता असो नाहीतर आणखी कोण, तिच्या आईनं तिला काही शिकवलं नव्हतं. मला अंगात बळ आल्यासारखं झालं. मी दार ढकललं.

आत बाई नव्हती. परातीपुढं हे बसले होते. बाह्या कोपरापर्यंत वर, कोपरापर्यंत पीठ, आणि परातीत एका बाजूला फाटलेली भाकरी. चष्मा नाकावर घेऊन बंडूअण्णा मगदूम लसूण सोलत होते. तेही गिरणीतलेच. बायको जाऊन चार वर्षं झालेली, एकटेच राहायचे. खुंटीवर यांची दुसरी पैरण टांगलेली होती, तिच्या खिशाला निळ्या दोऱ्याची सुई अडकवलेली.

जीव भांड्यात पडला की माणूस देवाचं नाव घेतो. मी बोलायला लागले. मी मेले आहे का, घरात दोन बाया असताना चुलीपुढं बसायची वेळ का आली, गिरणीत जॉबर होतात की आचारी, हे सगळं बोलले. भाकरीच्या आकारावरही बोलले. हे परातीत बघत राहिले. बंडूअण्णा म्हणाले, "वहिनी, बसा तरी."

मी बसले नाही. एकदम मनात वेगळंच आलं. ज्येष्ठात मला चक्कर आली होती आणि हे मला डॉक्टरकडं घेऊन गेले होते. मला बाहेर बसवून डॉक्टर यांच्याशी आत बोलले होते.

"डॉक्टरांनी तुम्हाला काय सांगितलं?" मी विचारलं. "माझं काही खरं नाही का? म्हणून शिकताय?"

"तुला काही झालेलं नाही. उन्हात उपाशी फिरू नकोस एवढंच म्हणाले."

"मग?"

यांनी हातातलं पीठ परातीत झटकलं. "बंडू तुळशीच्या लग्नानंतर गडहिंग्लजला जातोय. लेकीकडं. कायमचा. ही खोली मी घेतोय."

"कशाला?"

"राहायला."

"कुणाबरोबर?"

"कुणाबरोबर नाही. एकटाच."

शेवंता परवडली असती. तिला झिंज्या धरून बाहेर काढता आली असती. खोलीत एक खाट होती, एक स्टोव्ह, एक पाण्याची घागर. भांडायला काही नव्हतं.

"काय कमी पडलं तुम्हाला माझ्या घरात?"

यांनी फाटलेली भाकरी मोडून परत गोळा केला. मग म्हणाले, "मला निवांत जेवायचंय."

"निवांत? बावीस वर्षं चातुर्मास मौनानं जेवते मी. सगळी पेठ नाव घेते. आणि मलाच निवांत जेवायचं शिकवता?"

"तू सगळ्यांच्या मागनं एकटी जेवतेस," हे म्हणाले. आवाज चढला नव्हता, तेच मला जास्त लागलं. "भिंतीकडं तोंड करून. तिथं बोलायला असतं कोण? मी जेवताना तू कधी गप्प बसलीस, अनसूया?"

छत्तीस वर्षांत यांनी माझं नाव दोन-चार वेळा घेतलं असेल. बंडूअण्णा लसणाची तीच पाकळी सोलत बसले, सोलून झालेली असताना.

बंडूअण्णा मला कोपऱ्यापर्यंत सोडायला आले. वाटेत सांगत होते, मी विचारलं नव्हतं तरी. हे चैत्रात आले तेव्हा यांना स्टोव्हला पिन मारता येत नव्हती. महिनाभर नुसता चहा. वैशाखात भात. मग बटणं, मग कपडे, आता भाकरी. "गिरणीत नवा माणूस साच्यावर घेतला की आपला मुकुंदा त्याला महिनाभर एकच काम द्यायचा," बंडूअण्णा म्हणाले. "तुटलेलं सूत सांधायचं. दुसरं काही नाही. मन दुसरीकडं असलं तरी हात आपणहून सांधायला लागला की मगच पुढचं काम. स्वतःलाही तसंच शिकवतोय. घाई नाही त्याला."

मला वाटलं होतं रागाच्या भरात काहीतरी बोलून गेलेत, चार दिवसांत विसरतील. पण हा माणूस चैत्रापासून माझ्याशिवाय जगायची तालीम करत होता, महिन्याला एक काम याप्रमाणं. रागातला माणूस परत येतो. तालीम केलेला येत नाही.

घरी येऊन मी कुणाला काही सांगितलं नाही. यांच्या पाया पडायचं तर माझ्या स्वभावात नव्हतं, आणि गयावया केली असती तरी ती बोलूनच केली असती. मग मी एवढंच ठरवलं, की हे जेवत असताना तोंड उघडायचं नाही. बाकी दिवसभर काय वाटेल ते. एकच काम.

पण समोर रिकामी बसले तर ते मला जमणार नाही, हे मला ठाऊक होतं. म्हणून दुसऱ्या दिवशी यांचं ताट मांडलं आणि शेजारी माझंही मांडलं. संजीवनीच्या हातातला डाव आमटीत पडला. आमच्या घरात बाईमाणूस पुरुषाबरोबर पंगतीला बसलेलं तिनं बघितलं नव्हतं, मीही नाही. यांनी माझ्या ताटाकडं बघितलं, मग माझ्याकडं, मग आमटी हुंगली.

पहिल्या घासालाच गटार आठवलं. गिळलं. दुसऱ्या घासाला संजीवनी उशिरा उठली होती ते आठवलं, तेही गिळलं. त्या दिवशी मी काय जेवले ते मला माहीत नाही. हे उठून हात धुवायला गेले तेव्हा न्हाणीत संजीवनीला हळूच विचारत होते, की तुझं नि तिचं काही बिनसलंय का.

पाचव्या दिवशी तोंडातून निसटलं. यांच्या भावाचं काहीतरी. यांनी हातातला तुकडा खाली ठेवला, "हं" म्हणाले, आणि डोळ्यांत असं काही आलं, की माझ्याबद्दलचा अंदाज खरा ठरल्याचं त्यांना बरंच वाटलं असावं. दुसऱ्या दिवशी परत पहिल्यापासून. भाद्रपदात चार वेळा मोडलं, आश्विनात एकदा. गप्प बसल्यावर डोळ्यांना काम मिळतं. हे भाकरीचे आधी चार तुकडे करतात, मग खातात. डावीकडची दाढ गेलेली, तिकडं घास नेत नाहीत. ती कधी गेली ते मला सांगता आलं नसतं.

बदल यांच्यात काही दिसेना. रोज नऊला जायचे, बाराला यायचे, घड्याळाच्या पट्ट्यात पीठ. मी शांत जेवते म्हणून खूश आहेत की आणखी काही डाव आहे म्हणून सावध आहेत, ते कळायला मार्ग नव्हता. एकदा मी ताक वाढलं तर वाटी उजेडात धरून बघितली. मला हसू आलं आणि नंतर आलं नाही. नवऱ्याला बायको गप्प बसली तर विषाची शंका यावी, इतकं मी बोलले होते.

संजीवनीच्या कानावर खोलीचं आलं होतं, ती मागं लागली होती. "आत्या, मामांना थांबवा की. तुम्ही सांगितलं तर थांबतील."

"छत्तीस वर्षं सांगतच आले," मी म्हटलं. "आता नाही सांगत."

तुळशीचं लग्न लागलं. दुसऱ्या दिवशी बंडूअण्णा निरोप घेऊन गडहिंग्लजच्या गाडीला गेले. त्याच्या पुढच्या सकाळी यांनी पिशवी भरली. दोन सदरे, टॉवेल, दाढीचं सामान. मी दारात उभी होते. उंबऱ्यावर थांबून म्हणाले, "येतो." कधी ते म्हणाले नाहीत आणि मी विचारलं नाही. संजीवनी आत जाऊन रडली. मी ज्वारी निवडायला घेतली आणि तीच तीच ज्वारी दोनदा निवडली.

बारा वाजून गेले. साडेबारा झाले. ताटं मांडलेली होती, ती मी उचलली. संजीवनीला जेवून घे म्हटलं. तेवढ्यात दारात सावली आली.

"चल," हे म्हणाले. हात ओले होते.

"कुठं?"

"जेवायला. तिकडं."

मला काही ते सरळ वाटलं नाही. काय दाखवायचंय मला? की माझ्यावाचून कसं नीट चाललंय ते? पण गेले. खोलीत पाट मांडलेला होता. पिशवी खाटेवर होती, तोंड बांधलेलं. यांनी मला बस म्हटलं आणि ताट वाढलं. पिठलं, भाकरी, कांदा. भाकरी एका बाजूनं जाड होती, पण फाटली नव्हती. स्वतःला वाढून घेऊन हे माझ्यासमोर बसले. जेवायला लागले, पण नजर माझ्या तोंडावर.

पहिला घास घेतला आणि कळलं. पिठल्यात मीठ नव्हतं. कमी नव्हे, नव्हतंच. भाकरी बुडवून बघितली, कांद्याबरोबर खाऊन बघितलं. छप्पन्न वर्षांत मी असलं काही तोंडात घातलं नव्हतं. जिभेवर आलेलं सगळं एका रांगेत उभं राहिलं. समोर हे तेच पिठलं मुकाट्यानं खात होते आणि बघत होते. मी भाकरीचा आणखी एक तुकडा मोडला. एक भाकरी झाली. यांनी दुसरी वाढली. तीही खाल्ली. ताट पुसून घेतलं.

यांनी माझ्या हातावर पाणी घातलं. मग भिंतीला टेकून बसले.

"झालं जेवण?"

"झालं."

"मग बोल आता."

"पिठल्यात मीठ नाही."

"माहीत आहे."

"विसरलात?"

"नाही."

मला कळायला क्षणभर लागला. मग मी जे बोलले ते इथं लिहिण्यासारखं नाही. अडीच महिन्यांचं साठलेलं होतं. नवरा बायकोची परीक्षा घेतो, तीही बिनमिठाच्या पिठल्यावर, आणि वर तोंडाकडं बघत बसतो. हे उठले, तवा मोरीत घेतला आणि घासायला लागले. मधे मधे "हं" म्हणत होते. मी दमून थांबले तेव्हा त्यांनी पाठ न वळवता विचारलं.

"चातुर्मास परवाच संपला. नेम सुटला तुझा. मग आज का नाही बोललीस?"

काय सांगायचं होतं मला? की मला भीती वाटली? ते मी यांना कधी सांगितलं नव्हतं.

"तोंडात घास होता," मी म्हटलं.

यांनी तवा धुतला, उलटा करून ठेवला. हात पुसले.

"उद्या मीठ घालतो," म्हणाले. "बाराला ये."

संध्याकाळी दिवेलागणीला हे घरी आले. पाय धुतले आणि सोप्यात आपल्या खुर्चीवर बसले. पिशवी बरोबर आणली नव्हती. ती कुठं आहे, असं मी विचारलं नाही.